एकच ठोका

"उस्तीने, खाली ये म्हणतो ना! बॉम्बला काय सांगशील, बटाटे काढायचे राह्यलेत म्हून?"

कुंपणापलीकडून तिखीन ओरडत होता. उस्तीनानं फावड्यावरचा पाय काढला नाही. ऑगस्ट संपत आला होता. पावसाचा पत्ता नव्हता, जमीन तव्यासारखी तापून कडक झाली होती, आणि अख्ख्या ओळीतून जेमतेम अर्धी बादली निघत होती.

"तू जा की तुझ्या बिळात," ती म्हणाली. "मातीनं माझं एक माणूस गिळलंय. जित्तेपणी मी तिच्या तोंडात जायची न्हाई."

"आन् मेल्यावर कुठं जाशील? आभाळात?"

"तवा तू हाईसच की खड्डा खणायला. लई हौस तुला."

तिखीन यावर हसला नाही. पाठ फिरवून तो तळघराच्या पायऱ्या उतरला. वसंतात विमानं यायला लागल्यापासून हे भांडण रोजचंच होतं. आधी दूर गुरगुर व्हायची, खाणीतून उपसलेल्या दगडमातीच्या काळ्या डोंगरावरचे कावळे उठायचे, आणि मग तिखीनचा गळा सुरू व्हायचा. निम्मं गाव कधीच पश्चिमेला निघून गेलं होतं. राहिले ते म्हातारे, आणि म्हाताऱ्यांना सोडून जाता न येणारे.

उस्तीनाचा नवरा सावा एकतीस वर्षांपूर्वी कोळशाच्या खाणीत गेला. खालच्या थरात वायूचा भडका उडाला, आग विझेना, म्हणून तिसऱ्या दिवशी तो बोगदा विटांची भिंत घालून बंद केला. सात माणसं भिंतीपलीकडंच राहिली. भिंत घालणाऱ्यांत तिखीन होता. काळ्या तोंडानं तिच्या दारात येऊन त्यानं सांगितलं होतं, "आतून काही आवाज नव्हता, उस्तीने. एका क्षणात गेले. त्यांना कळलंसुद्धा न्हाई."

त्या वाक्याच्या आधारानं तिनं दिवस काढले. तो बोगदा तिच्या बटाट्यांच्या वावराखालून जातो असं जुने लोक म्हणायचे. म्हणून ती फावडं कधी खोल मारत नसे. स्वतःच्या तळघरातही तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. दर वर्षी तिचे बटाटे तिखीनच खाली नेऊन रचायचा आणि हिवाळाभर बादलीबादलीनं वर आणून द्यायचा. शेजारधर्म, असं ती समजत होती.

त्या दिवशी गुरगुर थांबली आणि आभाळात कापड फाटल्यासारखा आवाज आला. उस्तीना सरीत पालथी पडली. जमिनीनं तिला खालून लाथ घातल्यासारखं झालं. मग वरून ढेकळं, कौलं, कुणाच्या तरी सफरचंदाच्या फांद्या असं काय काय बराच वेळ पडत राहिलं.

ती उठली तेव्हा तिखीनचं घर नव्हतं. घराच्या जागी धूळ उभी होती.

तिच्या कानांत नुसती शीळ घुमत होती. तोंड धुवावं म्हणून ती अंगणातल्या नळाशी गेली. खाणीतले पंप बंद पडल्यापासून नळाला खारट, गंजकं पाणी यायचं, तेही आता नव्हतं. तिनं तोटीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

टण. टण.

"सावा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

लोखंड तिच्या तळव्याखाली थरथरलं. पुन्हा दोन. मग शांत. मग पुन्हा दोन.

खाणवाल्यांच्या गावात पोरं चालायला शिकायच्या आधी हे शिकतात. गाडला गेलेला माणूस नळावर ठोके देतो. जितकी माणसं जिवंत, तितके ठोके. ऐकणाऱ्यानं तितकेच परत द्यायचे. म्हणजे, ऐकलं, येतोय. आणि हा नळ सावानं आणि तिखीननं मिळून पुरला होता, तिखीनच्या तळघरातून कुंपणाखालून तिच्या तळघरात, आणि तिथून वर अंगणात.

तिनं फावड्याच्या दांड्यानं दोन ठोके परत दिले आणि रस्त्याकडं धावली.

पलीकडच्या घरातल्या पारास्काचा पोरगा प्रोकीप गाडी चालू करून बसला होता. "काकी, चढ पटकन! आई कुठं दिसली का? दुसरं विमान येणार आता."

"तिखीन जित्ता हाय. चल, उकरायचंय."

"घर बघितलंस का त्याचं? एका म्हाताऱ्यापायी तिघं मरायची का?"

"दोन ठोके येत्यात, प्रोकीपा."

त्याचा हात किल्लीवरच थांबला. "दोन? दुसरं कोण?" मग त्यानं गाडी बंद केली. "आई त्याच्याकडं चाळण द्यायला जायची म्हणत हुती."

मग तो जो उकरायला लागला, त्याला ना विमान आठवलं ना काही. तुळया ओढल्या, विटा फेकल्या, नखं फाटली. तळघराच्या तोंडाशी कुत्रं जाईल एवढं भोक पडलं, तेव्हा मागून आवाज आला, "अरं मेल्या, माझ्या मिरच्यांत गाडी घातलीस व्हय?"

पारास्का, हातात चाळण, केसांत पालापाचोळा. ओढ्यात लपून बसली होती.

प्रोकीपनं हातातली वीट टाकली. आईकडं बघितलं, भोकाकडं बघितलं. "मग आत दुसरं कोण हाय?"

"शुबीन आसंल," पारास्का छातीवर क्रूस काढत पुटपुटली. खाणीतलं जुनं भूत ते. माणसाला धोक्याची खूण देतं म्हणतात.

भोक लहान होतं. प्रोकीपचे खांदे अडकले. पारास्काचं तर विचारूच नका. दोघांनी एकदमच उस्तीनाकडं बघितलं. ती काटकुळी होती.

आतून मातीचा गार वास आला. एकतीस वर्षं ती ज्याला घाबरत होती तो हाच. टण, टण, झालं, पण आता फार हळू. उस्तीनानं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि डोकं आत घातलं.

आत लोणच्याच्या बरण्या फुटून शेपूचा आंबट वास कोंडला होता. खाणीतल्यासारखा पाइनचा टेकू लावला होता म्हणून छताचा एक कोपरा तरला होता. तेवढ्या कोपऱ्यात तिखीन पडला होता, एक पाय फळ्यांखाली, हातात पाना.

"दुसरं कोण हाय?" तिनं चाचपडत विचारलं.

"कुणी न्हाई."

"मग दोन ठोके कशाला दिलेस?"

वरून माती झरत होती.

"एका माणसासाठी कुणी येत न्हाई, उस्तीने. मला ठाऊक हाय."

"कसं काय ठाऊक?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. "भिंत घातली त्या दिशी आतून एकच ठोका येत हुता. खाणीचा साहेब म्हणला, एकापायी उकरणारे बारा घालवायचे न्हाईत."

टेकू करकरला. उस्तीनाचे हात फळीवर होते, ते तिथंच राहिले.

"परत दिलात? ठोका?"

"न्हाई. देऊ नका म्हणला. आशा लागंल त्याला."

"किती येळ येत हुता?"

"शेवटची ईट लावली तवा येत हुता."

"काकी!" प्रोकीप वरून ओरडला. "कावळे उठले! भाईर ये!"

ती त्याला तिथं सोडून येऊ शकली असती. कुणी दोष दिला नसता, त्यानं तर नाहीच. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं फळी उचलली. "पाय ओढ," एवढंच म्हणाली.

त्या विमानानं बॉम्ब पुढच्या गावावर टाकला.

रस्त्यावर तोफांचा मारा सुरू झाला होता, त्यामुळं पाय मोडलेल्या तिखीनला कुठं नेता आलं नाही. उस्तीनाच्या बाकड्यावर तो दोन दिवस पडून होता. ती त्याला रस्सा भरवायची, पाय बांधायची, पण एक शब्द बोलली नाही. तो "उस्तीने" म्हणाला की ती उठून अंगणात जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी काळ्या डोंगरावरचे कावळे उठले. उस्तीनानं स्वतःच्या तळघराचं दार उघडलं. आधी ती उतरली, मग त्याला पायरीपायरीनं खाली घेतलं. रिकाम्या बटाट्याच्या फळ्यांमधून तो जुना नळ जात होता. तिनं त्याला नळापाशी बसवलं, हातात पाना दिला, आणि स्वतः पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

"दे," ती म्हणाली.

"काय?"

"तसाच दे. जसा येत हुता तसा."

वर आभाळ फाटायला लागलं होतं. तिखीननं एक ठोका दिला.

उस्तीनानं लोखंडाला कान लावला. ऐकलं. मग मुठीतल्या दगडानं तिनं तो परत दिला, एकच.

"आता पुन्ना," ती म्हणाली.