चुलीची हजेरी

इंजिनियर उलिसेसने लोकरीचा गुंडा हवेत फेकला आणि यालुनीच्या ग्रामसभेची त्या रविवारी जी शिस्त गेली, ती काही केल्या परत आली नाही. खेळ तसा सोपा होता. ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने गावासाठीचं आपलं एक स्वप्न सांगायचं, दोरा धरून ठेवायचा आणि गुंडा पुढच्याकडे फेकायचा. शेवटी सगळ्यांच्या हातात मिळून एक जाळं तयार होतं आणि गाव एकमेकांशी कसं बांधलेलं आहे ते डोळ्यांना दिसतं. शहरात म्हणे हे पाहून लोकांना गहिवरून येतं. यालुनीत दोरा गावप्रमुखांच्या पायात अडकला. ते सोडवायला वाकले तर चिटणिसाची खुर्ची त्यांच्यामागे चालत आली. आणि लोकर चांगली आहे हे बोटांना कळताच मागच्या भिंतीशी बसलेल्या बायकांनी आपापल्या बाजूने ती गुंडाळायला घेतली. थोड्याच वेळात जाळं गेलं, स्वप्नं गेली आणि चार घरांच्या मोज्यांची सोय झाली.

उलिसेस खरं तर इंजिनियर नव्हता. पण आमच्या डोंगरात शहरातून आलेल्या, खिशाला पेन लावलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पोरगा गुणी होता. यालुनीचं पाइनचं जंगल गावाच्या मालकीचं. त्या जंगलात, गावच्याच लाकडाच्या, पाहुण्यांसाठी काही खोल्या बांधायच्या, लोक डोंगर बघायला येतील, विकायला झाडं न तोडता चार पैसे येतील, असा बेत होता. उलिसेसची संस्था मदत करणार होती, पण तिची अट होती की गावाने त्यात भाग घेतला पाहिजे, आणि गाव म्हणजे नुसते बाप्ये नव्हेत. म्हणून त्या दिवशी बायका सभेत होत्या. एरवी विधवा सोडल्या तर सभेला बाई यायची ती कॉफी घेऊन.

भिंतीशी बसलेल्यांत ओटिलिया होती, गावची पाववाली. तिला एक खोड होती. हसू आलं की आवरत नसे. सासूच्या मयतीत पाद्रीबाबांना शिंक आली तेव्हा तिला बाहेर न्यावं लागलं होतं. आता गावप्रमुख एका पायावर उभे आणि चिटणीस त्यांच्या दुसऱ्या पायाची गाठ सोडवतोय हे बघून तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता, तरी खांदे गदगदत होते.

तिच्या शेजारी त्रांकिलिना होती. गाव तिला तिया म्हणे, मावशी-काकू काय म्हणाल ते. ती मात्र हसत नव्हती, बसल्या बसल्या पेंगत होती. तिची पेंग ओटिलियाला ठाऊक होती आणि तिचा रागही येत होता. त्रांकिलिनाचा नाही, पेंगेचा. आमच्याकडे गावकीचं काम, म्हणजे तेकियो, कुणाला चुकत नाही. रस्ता असो, नळ असो, शाळेचं छप्पर असो, दर घरातून एक माणूस, मजुरी नाही, सबब नाही. त्या सगळ्या माणसांचं जेवण बायका रांधतात. पण चिटणीस हजेरी लावतो ती हातात फावडं असलेल्याची. त्रांकिलिनाचा नवरा वारला, मुलगा उत्तरेला, सरहद्दीपलीकडे कमवायला गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळे ती तेकियोच्या दिवशी पहाटेपासून तव्यापुढे बसायची, आणि घरची हजेरी लागली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी एकटी दगड वाहायची. कालही तिने असेच दगड वाहिले होते.

हे सभेत मांड, असं ओटिलिया नवऱ्याला कितीदा सांगून थकली होती. क्रेसेन्सिओ लाखातला माणूस, पण सभेत तोंड उघडायचा ते जांभई द्यायला. पुढच्या सभेला बोलतो, म्हणायचा.

दोरा सुटला आणि खोल्यांच्या समितीचा प्रमुख निवडायची वेळ आली. आमची रीत अशी की फळ्यावर तीन नावं लिहायची आणि एकेकाने पुढे येऊन आपल्या माणसाच्या नावापुढे खडूने रेघ ओढायची. पहिलं नाव सेलेरिनोचं, लाकडाच्या गिरणीचा मुकादम, आवाज करवतीसारखा. दुसरं अबुंदिओचं, गावच्या बँडचा म्होरक्या. तिसरं नाव नुसतं जागा भरायला असतं. उलिसेसने हळूच सुचवलं की ते एखाद्या बाईचं असलं तर संस्थेला बरं वाटेल. सभा एकमेकांची तोंडं बघू लागली. तेवढ्यात ओढणीचा बोळा निसटला आणि ओटिलियाचं हसू खोलीभर झालं.

"हिला हसायला फार वेळ आहे," सेलेरिनो म्हणाला. "हिचंच नाव लिहा. काहीतरी काम मिळेल बिचारीला."

लिहिलं. लोक हसले, ओटिलिया तर सगळ्यांत जास्त.

मग रेघा सुरू झाल्या. इथे यालुनीच्या माणसाची अडचण समजून घ्या. सेलेरिनोला रेघ द्यावी तर अबुंदिओ समोर बसून बघतोय, आणि मुलीच्या लग्नात बँड हवा असतो. अबुंदिओला द्यावी तर सेलेरिनो बघतोय, आणि छपराच्या फळ्या गिरणीतूनच येतात. शिवाय अर्धं गाव एकाचं व्याही आणि अर्धं दुसऱ्याचं. पहिला माणूस खडू घेऊन उभा राहिला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ओटिलियापुढे रेघ ओढून मोकळा झाला. एक रेघ बाईला, कुणाचं काय बिघडतं? दुसऱ्यालाही हेच सुचलं. तिसऱ्याला वाटलं आपणच काय ते शहाणे. जो तो मान खाली घालून जाई, रेघ ओढी आणि दोघांकडे बघून असा हसे की जणू म्हणतोय, गड्या, मनातून तुलाच. क्रेसेन्सिओ आला तेव्हा त्याचे कान बीटासारखे लाल झाले होते. त्याने बायकोपुढे इतकी बारीक रेघ ओढली की चिटणिसाला चष्मा पुसावा लागला. शेवटी उरले सेलेरिनो आणि अबुंदिओ. स्वतःला मत देणं आमच्यात निर्लज्जपणा, आणि दुसऱ्याला देणं तर त्याहून अशक्य. दोघांनीही ओटिलियाला दिलं.

सेलेरिनोपुढे एकच रेघ होती. ती अबुंदिओच्या सासूने दिली होती.

ओटिलियाचं हसू केव्हाच थांबलं होतं. फळ्यावर आपल्या नावापुढे रेघांचं कुंपण वाढत होतं आणि ती रेघा मोजत होती. सुरुवातीला तिला वाटलं आपण भीतीने मोजतोय. पण भीती तिच्या ओळखीची होती, ही ती नव्हती. तिला हे काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, पोरीबाळींना जत्रेतल्या पाळण्यात बसायचं असतं तसं हवं होतं. खोल्या बांधायला तेकियो लागणार, आणि त्या तेकियोत कुणाचं काम धरायचं हे समितीचा प्रमुख ठरवणार.

"चला, गंमत झाली," सेलेरिनो उठून म्हणाला. "ओटिलिया, आता तू नाही म्हण. म्हणजे आपण परत रेघा घेऊ, नीट."

सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून माकारिओ खाकरला. हा सेलेरिनोचा सख्खा मेव्हणा. गेल्या वर्षी याची पाण्याच्या राखणीला निवड झाली, याने नाही म्हटलं, आणि गावाने दिलेलं काम नाकारता येत नाही असं गर्जून सेलेरिनोनेच त्याला गावच्या कोठडीत बसवलं होतं.

"म्हणू दे की नाही," माकारिओ गोड आवाजात म्हणाला. "मी कोठडी झाडून ठेवतो. आत पिसवा फार आहेत, ओटिलिया, अंगभर घालून ये."

सेलेरिनो परत खाली बसला. एका बाईला सोडावं तर उद्या गावातला प्रत्येक आळशी माणूस सुटणार. गावप्रमुखांनी ओटिलियाकडे पाहिलं आणि ती उभी राहिली.

"मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "फक्त एक ठरवू या. पुढच्या शनिवारी खोल्यांचा पहिला तेकियो. त्या दिवशी जो रांधेल त्याची हजेरी लागेल. फावड्याची लागते तशीच."

कुजबुज झाली. अबुंदिओने विचारलं की सावलीत बसून केलेलं काम उन्हातल्या कामाबरोबर कसं धरायचं. सेलेरिनोला मात्र ही बाण सोडायची संधी वाटली.

"सावलीत चुलीपाशी बसून हजेरी मिळत असेल तर माझं नाव पहिलं घाला."

"घाला, चिटणीस," ओटिलिया म्हणाली.

चिटणिसाने घातलं. मग कुणीतरी म्हणालं की माझंही. मग माझंही. उन्हाळ्याचे दिवस, खोल्यांसाठी जंगलातल्या कुरणावर दगड चढवायचे, आणि इकडे चूल, सावली, बसल्या बसल्या हजेरी. बँडवाले सोडले तर जवळजवळ सगळ्याच बाप्यांनी हात वर केले. कुणालाही वाईट वाटू नये म्हणून उलिसेसनेही केला. ओटिलियाने एकालाही नाही म्हटलं नाही. फावडी उरली, ती बायकांच्या वाट्याला आली.

शनिवारी कुरणावर जे झालं त्याला काम म्हणायचं की जत्रा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जन्मभर पाठीवर सरपण वाहिलेल्या बायका त्या, दगडाला काय भिणार? खालपासून वरपर्यंत त्यांनी रांग लावली आणि दगड हातोहात चढू लागले. अबुंदिओचा बँड वाजत होता, कारण वाजवणाऱ्याला तेकियो माफ असतो. बायकांच्या हातांना ताल सापडल्यावर बँडचीच दमछाक झाली. "अबुंदिओ, झोपलास का रे?" असं खालून कुणीतरी ओरडलं की ट्रम्पेट दचकून पुढे पळे. त्रांकिलिनाने मातीत फावडं असं मारलं की शेजारणी बाजूला सरकल्या. कुणीतरी घसरलं, कुणाच्या स्कर्टची कड फाटली, आणि ओटिलिया, समितीची प्रमुख, एका दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. जेवणाच्या वेळेपर्यंत पहिल्या खोलीचा पाया भरत आला होता.

जेवण मात्र नव्हतं.

खाली शाळेच्या स्वयंपाकघरात सावली होती, एवढं खरं. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवावा लागतो हे सकाळी उजाडल्यावर लक्षात आलं. लाकूड ओलं निघालं. लाकडाच्या गिरणीच्या मुकादमानेच ते आणलं होतं, हे माकारिओ ज्याला त्याला सांगत होता. मिरच्या तव्यावर टाकल्या आणि ठसक्याने सगळं स्वयंपाकघर अंगणात पळालं. उलिसेसच्या भुवया शिल्लक होत्या, पण पूर्वीइतक्या नाहीत. पाट्यापुढे गुडघ्यावर बसून मका वाटताना सेलेरिनोची पाठ धरली. त्याच्या तोर्तियांना, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांना, कोपरे येत होते. आणि या सगळ्या धुरात एकच माणूस ताठ उभा होता, तो क्रेसेन्सिओ. पाववालीचा नवरा, त्याला पीठ कळत होतं. सभेत कधी शब्द न काढलेला हा माणूस इथे सेनापती झाला. "पातळ कर, सेलेरिनो," तो कडाडत होता. "तो तवा आहे, शिक्का मारायची जागा नाही. बोटं ओली कर. उलटव. अरे, उलटव म्हणतो ना." आणि सेलेरिनो उलटवत होता, बोटं भाजून घेत होता, परत उलटवत होता.

दुपार कलली तेव्हा बाप्ये टोपल्या घेऊन कुरणावर आले. कपडे काळे, डोळे लाल, केसांत पीठ. बायका रांगेने बसल्या. त्या भुकेल्या होत्या आणि शहाण्याही, म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत. त्रांकिलिनाने एक तोर्तिया घेतली, बराच वेळ चावली आणि म्हणाली की पोटात गेल्यावर सगळं सारखंच.

सेलेरिनो मात्र बसला नाही. तो ओटिलियापुढे आला आणि त्याने टोपी काढली.

"प्रमुखबाई, बोलायचंय."

त्याने तिला असं कधी म्हटलं नव्हतं. बँड थांबला.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला. "मी पहाटेपासून घटकाभर टेकलेलो नाही. माणसं दगड वाहतात, मधे पाणी पितात, गप्पा मारतात. इथे हात थांबला की भाजतं. चुलीच्या एका दिवसाची हजेरी एक धरणं हा अन्याय आहे. दोन धरा."

मागून बाप्यांचा असा कालवा उठला की जणू त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जुलूम झाला होता. दोनच धरा, माकारिओ म्हणाला, आणि भाजलेला अंगठा सगळ्यांना दाखवला.

ओटिलियाने एक मागितली होती. त्या एकीसाठीसुद्धा वर्षभर भांडावं लागेल असं ती धरून चालली होती. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आली तर काय होतं हे तिला माहीत नव्हतं. तिने दगडाची कड घट्ट धरली.

"धरू या," ती म्हणाली. "कधीपासून?"

"आजपासून," सेलेरिनो म्हणाला.

"मी लग्न होऊन या गावात आले त्या दिवसापासून," त्रांकिलिना म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. ती तोर्तियाचा जाड कोपरा तोडत होती. चिटणिसाने बोटांवर हिशोब मांडायला घेतला, थोडा पुढे गेला, मग बोटं मिटून हात खिशात घातला. या हिशोबाने त्रांकिलिनाच्या घरावर गावकीचं काम निघतच नव्हतं. तिच्याच काय, तिच्या नातवंडांवरही निघालं नसतं. गेल्या रविवारी ती सभेत का पेंगत होती, हे काही जणांना तेव्हा कळलं असावं.

सेलेरिनोने आपल्या बोटांवरच्या फोडांकडे पाहिलं. मग त्रांकिलिनाच्या हातांकडे पाहिलं.

"तिया म्हणते तेव्हापासून धरायचं असेल त्यांनी हात वर करा," ओटिलिया म्हणाली.

पहिला हात त्याचाच गेला. मग क्रेसेन्सिओचा, मग माकारिओचा अंगठ्यासकट, मग ट्रम्पेट खाली ठेवून अबुंदिओचा. इथे आपल्याला मत नाही हे विसरून उलिसेसचाही गेला. पिठाने माखलेले, काजळीने काळे झालेले, भाजलेले हात कुरणभर वर गेले. मोजायची गरज नव्हती हे तिथे सगळ्यांना दिसत होतं. तरी ओटिलियाने ते एकेक करून मोजले, सावकाश, आणि तिची मोजणी संपेपर्यंत कुणीही हात खाली घेतला नाही.