पाच तासांचं तेल

"पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात आज यंत्रयुगाचा सूर्य उगवला आहे," असं मानसिंगरावांनी हात उंचावून जाहीर केलं, तेव्हा ते यंत्र टेम्पोच्या फळीवर अर्ध्यात अडकलं होतं आणि दोन शिपाई, ग्रंथपाल व संस्कृतचे सर त्याला खालून खांदा देऊन उभे होते. सूर्य जमिनीवर यायला आणखी अर्धा तास लागला. संस्कृतच्या सरांना नंतर दोन दिवस रजा घ्यावी लागली.

यंत्र म्हणजे वर बसून चालवायची, गवत कापायची गाडी. चार बुटकी चाकं, मऊ सीट, हातात मावेल एवढं स्टेअरिंग आणि पोटाखाली पाती. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या शिक्षणसंस्थेपुढं कालव्याच्या पाण्यावर दोन एकर हिरवळ पोसली होती. ती कापायला आतापर्यंत आसपासच्या शेळ्या फुकट येत. पण हे साल शहाण्णव होतं, संस्थेचा रौप्यमहोत्सव आला होता आणि पुण्याच्या पाहुण्यांपुढं शेळ्या दाखवणं अध्यक्ष या नात्यानं मानसिंगरावांना शोभलं नसतं.

यंत्राबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं. संस्थेत इंग्रजी शिकवणारे चौघे होते, पण पुस्तक वाचणाऱ्याचे हात तेलकट होणार हे कळल्यावर चौघांनाही पेपर तपासायचे आठवले. पुस्तक बुद्धघोषकडं आलं. बुद्धघोष सांगवीचा, बारामतीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेला, आणि संस्थेच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं 'हंगामी'. कुठल्या हंगामाचा, हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

"आजपासनं हे तुझं लेकरू," मानसिंगराव म्हणाले. "रविवारी कार्यक्रम. पयलं गवत मी स्वता कापणार. नीट चाललं तर तितंच तुझ्या कायमच्या ऑर्डरवर सही. न्हाय चाललं, तर सांगवीचा रस्ता तुला ठाव हायच."

त्या ऑर्डरवर सुप्याची अंजलीही अवलंबून होती. तिचे वडील शिक्षक. त्यांनी मुलगा पसंत केला होता, पण लग्नाची तारीख विचारली की ते गोड हसून म्हणत, "तारीख काय, कदीबी काढू. ऑर्डर दाखवा."

तेव्हा बुद्धघोषनं पुस्तक परीक्षेसारखं वाचलं. रोज सकाळी गाडी सपाट जागेवर उभी करून तेल बघावं, ते बघितलं. हवेची जाळी स्वच्छ ठेवावी, म्हणून पूजेच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या आणि अर्धी वाटी हळदकुंकू चिमट्यानं काढलं. पात्यांचे नट आवळले, चाकांतली हवा मोजली. मग चौदावं पान आलं. तिथं जाड अक्षरात लिहिलं होतं: नवीन इंजिनाचं तेल पहिल्या पाच तासांनंतर बदला.

कारण त्याला माहीत होतं. नवे भाग एकमेकांना घासून जागेवर बसतात आणि त्यातून निघणारा धातूचा बारीक भुगा तेलात उतरतो. पण त्याला घाई वाटली नाही. गवताला रविवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. मग पाच तास भरणार कसे?

त्यानं संचालकांना हिशेबात धरलं नव्हतं.

सोमवारपासून संचालक येऊ लागले. प्रत्येकाला यंत्रावर बसून फोटो हवा होता, आणि तोही इंजिन चालू ठेवून. बंद गाडीवर माणूस बसवल्यासारखा दिसतो, असं फोटोग्राफरचं म्हणणं पडलं. एका संचालकांचे डोळे सात वेळा मिटले. दुसरे फेटा आणायला पळसदेवला गेले आणि फेटा घेऊन परत येईपर्यंत इंजिन सुरूच राहिलं, कारण 'बंद करू नका, आलोच' असं ते बजावून गेले होते. गुरुवारी सकाळी यंत्रावरच्या, इंजिनाचे तास मोजणाऱ्या छोट्या घड्याळानं पाच तास पूर्ण दाखवले. गवताचं एक पातंही कापलेलं नव्हतं.

बुद्धघोष स्टोअरला गेला. स्टोअर दत्तोबांच्या ताब्यात होतं. त्यांच्याकडून स्क्रू मिळायलासुद्धा नशीब लागे.

"काका, इंजिनाचं तेल पायजे. दीड लिटर."

"कमी झालंय?"

"न्हाय. भरलेलं हाय."

"मग?"

"ते काढायचं आन् नवं घालायचं."

दत्तोबांनी चष्मा काढला. "जे हाय ते जुनं झालं?"

"न्हाय, नवंच हाय."

"म्हंजे नवं काढायचं आन् नवं घालायचं."

"व्हय."

"बुद्धघोष, जेवलास का सकाळी?"

बुद्धघोषनं भुगा समजावून सांगितला. दत्तोबांनी तो पूर्ण ऐकून घेतला, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, "आपल्या ट्रॅक्टरचं तेल मी बदललं तवा माझी थोरली बालवाडीत हुती. गेल्या वर्षी तिचं लगीन झालं. वरात त्याच ट्रॅक्टरवरनं काढली. जा, अध्यक्षांची सही आण."

मानसिंगराव मात्र दुखावलेच. "आरं, आठवडा न्हाय झाला त्याला येऊन! पाच तासांत तेल खराब? मग काय कंपनीनं मला रॉकेल घालून दिलं? लोकांत काय तोंड दाखवू?"

"साहेब, पुस्तकात लिवलंय."

"पुस्तकात लई लिवलेलं असतंय. ग्यारंटी हाय न्हवं?"

"तेल बदललं तरच हाय."

"हे बघ. रविवारपत्तुर त्याच्या पोटाला हात लावलास, तर ऑर्डर इसर. आन् रविवारी ते बंद पडलं, तरी इसर."

बुद्धघोष बाहेर आला. इंजिन रविवारीच बंद पडेल, असं पुस्तक म्हणत नव्हतं. ते नुसतं जाड अक्षरात बोलत होतं. पण चार वर्षांच्या हंगामी माणसाला जाड अक्षराची धास्ती बसलेली असते.

संध्याकाळी सांगवीत आई घेवडा निवडत बसली होती. चतुराबाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आजूबाजूच्या गावांची निम्मी मतदार यादी त्यांच्या हातावर जन्मली होती. मुलानं सगळी कहाणी सांगितली. त्या शिरा काढत ऐकत राहिल्या.

"म्हंजे पयली काळी शी," त्या म्हणाल्या.

"आई, इंजिन हाय ते."

"नवं हाय. पोटात साठलंय. भाईर पडाया पायजे. येवढंच न्हवं?"

बुद्धघोषनं विचार केला. आयटीआयच्या सरांनी हे समजवायला दोन तास आणि एक फळा घेतला होता. "येवढंच," तो म्हणाला.

"उद्या मी येती."

शुक्रवारी चतुराबाई ऑफिसात शिरल्या, तसे मानसिंगराव खुर्चीतून उठले. अध्यक्ष झाल्यापासून ते दोघांसाठीच उठत, शिक्षणाधिकारी आणि या बाई. कोपऱ्यात दत्तोबा कसलीतरी यादी लिहीत होते.

"बसा बाई. लई दिसांनी?"

"विजयसिंह कसा हाय?"

"पुण्यात असतो. दोन पोरांचा बाप झाला."

"असू द्या. तो जल्मला त्याच्या दुसऱ्या दिशीचं आठवतं का? तुमी फटफटीवरनं दवाखान्यात आलावता. फडकं घिऊन."

मानसिंगरावांनी दत्तोबांकडं पाहिलं. "दत्तोबा, बाईंना चहा सांग."

"सांगितलाय, साहेब," दत्तोबा जागचे न हलता म्हणाले. यादी त्यांनी केव्हाच बाजूला ठेवली होती.

"दारातनंच वरडलावता," चतुराबाई शांतपणे म्हणाल्या. "बाई, माझ्या पोराला कुणीतरी डांबर पाजलं! फौजदाराला बोलवा म्हणत हुता. पाच पेशंट उठून बसली. त्यातल्या एकीला मी सकाळपासनं बसवत हुती, तिला जमत नव्हतं."

दत्तोबांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"मग मी काय म्हणलं हुतं?"

मानसिंगराव टेबलावरच्या काचेत स्वतःलाच बघत होते. "पयलं काळंच असतं म्हणलावता."

"आन्?"

"आत ऱ्हायलं तर वाईट म्हणलावता."

"मग पोराचं भाईर पडलं तवा पेढं वाटलं. आन् ह्या यंत्रानं तुमचं काय घोडं मारलंय?"

मानसिंगरावांनी काचेवरून नजर उचलली. अखेर मानसिंगराव म्हणाले, "दत्तोबा, दीड लिटर तेल दे."

"साहेब, डबा दोन लिटरचा हाय."

"मग ऱ्हायलेलं तू पी."

बुद्धघोषनं इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं, बंद केलं, खाली कँटीनची परात सरकवली आणि नट सोडला. तेल उतरलं. उन्हात परात धरली, तर काळपट तेलात बारीक चकचकीत कण फिरत होते, जरीच्या लुगड्यासारखे. दत्तोबा वाकले. "चांदी हाय व्हय रं?"

"लोखंड हाय, काका."

मानसिंगराव पांढऱ्या धोतरानिशी उकिडवे बसले. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि बराच वेळ बघत राहिले. "आयला," ते हळूच म्हणाले, "येवढं आपल्या पोटात हुतं?"

रविवारी यंत्र लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. मानसिंगरावांनी स्वतः चार पट्टे कापले. पाचव्यात पाहुण्यांना हात करताना शेवंतीचा वाफाही कापला, पण टाळ्या कुणी थांबवल्या नाहीत. मग ते माइकपुढं उभे राहिले आणि पाऊण तास पहिल्या तेलावर बोलले. जे जे नवं आहे, त्याच्या पोटात भुगा साठतो. नवा शिक्षक असो, नवी सोसायटी असो, नवा संचालक असो, पहिलं तेल वेळेवर काढलं पाहिजे. "हे मी पयल्यापासनं सांगत आलोय," ते म्हणाले. दत्तोबांनी सगळ्यात जोरात मान हलवली. नव्या संचालकांनी पोटावरून हात फिरवला. पुण्याच्या पाहुण्यांनी पहिल्या तेलाचं वाक्य वहीत टिपून घेतलं. बुद्धघोषचं नाव भाषणात आलं नाही. त्याचं त्यालाही काही वाटलं नाही. त्याचं लक्ष टेबलावरच्या एका कागदाकडं होतं.

पाहुणे जेवायला गेल्यावर मानसिंगरावांनी त्याला जवळ बोलावलं. खिशातून पेन काढलं, ऑर्डर एकदा पूर्ण वाचली आणि खाली झोकदार सही केली. कागद पुढं केला. बुद्धघोषनं दोन्ही हातांनी धरला. पण दुसरं टोक मानसिंगरावांनी सोडलं नव्हतं. त्यांचे डोळे जरा ओलसर वाटले. आता काहीतरी आयुष्यभर लक्षात राहील असं साहेब बोलणार, म्हणून बुद्धघोष जरा पुढं वाकला.

मानसिंगरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते परातीतलं तेल टाकलंस का रं?"

"न्हाय साहेब. डब्यात भरून ठेवलंय."

"टाकू नगंस. आमच्या झोपाळ्याच्या कड्या लई कुरकुरत्यात," ते म्हणाले. "पर तेवढं चहाच्या गाळणीनं गाळून दे."