राहिलेले सहा किलोमीटर

कन्नडहून निघायचं आणि गौताळ्याच्या जंगलातून बेचाळीस किलोमीटर पळत पिशोर गाठायचं, अशी ही मॅरेथॉन. उमाताईंनी ती गेल्या वर्षी पूर्ण केली, अशी संभाजीनगरात त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांची समजूत होती. खरं काय ते त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं की, छत्तिसाव्या किलोमीटरला त्यांचा पाय मुरगळला. शेतावरून घरी निघालेल्या पुंडलिकला लंगडणारी बाई दिसली आणि त्यानं मोटारसायकल थांबवली. पिशोरच्या मांडवाशी उतरून त्या खरं सांगणार, तोच कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, कुणी फोटो काढला आणि बोलायचं राहून गेलं. पुढे शाळेत शाल-श्रीफळ, वर जिद्दीवर मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषण. उमाताई त्याच शाळेत गणित शिकवतात. त्यानंतर कॉपी करणाऱ्या पोरांना रागावताना त्यांची जीभ वर्षभर अडखळत होती.

म्हणून यंदा कुणाला न सांगता त्या पुन्हा आल्या होत्या. राहिलेलं अंतर एकदाचं पायाखाली घालायचं होतं. सागाच्या वाळक्या पानांवरून घसरत, दोन ओढे ओलांडत त्या नेमक्या त्याच वळणावर आल्या. मांड्या दगड झाल्या होत्या. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. पुंडलिकच होता.

"ताई, याही साली? बसा मागं."

"नको भाऊ. पायीच जायचंय."

"मागल्या साली बसल्या की. आता लाजता व्हय?"

मग उमाताईंनी त्याला सगळं सांगितलं. मेडल, शाल, भाषण, काही गाळलं नाही. ऐकून पुंडलिकचा चेहरा उतरला.

"म्हंजी माझ्यामुळंच झालं हे," तो म्हणाला. त्यानं गाडी बंद केली आणि खाली उतरला. "चला, मी बी चालतो."

"अहो, आणि गाडी?"

"ढकलतो की."

सहा किलोमीटर त्यानं ती खरोखर ढकलली. उमाताई रखडत पळत होत्या आणि पुंडलिक धापा टाकत सुनेच्या बाळंतपणाची हकिगत सांगत होता. कितीतरी दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं.

पिशोरला पोचल्या तेव्हा वेळ संपून अर्धा तास झाला होता. माणसं मांडव सोडत होती. नोंदी घेणारी मेघा त्यांना बघून ओशाळली.

"मॅडम, सॉरी. उशीर झाला, आता मेडल नाही देता येणार."

"असू दे गं," उमाताई खाली बसत म्हणाल्या. "माझं मी गेल्या वर्षीच नेलंय."