बाहीच्या आतली मापं

मी एका शिंप्याने आपल्या लेकीसाठी शिवलेला लोकरी कोट आहे. माझा रंग विटला, कोपरांना ठिगळं लागली. पण मित्रांनो, माझा तोरा अजून कायम आहे.

शिंपीदादा बाहीच्या शिवणीत भरपूर माया सोडत, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवत. लेक वाढली की शिवण उसवायची, बाही वाढवायची आणि आतल्या कापडावर पेन्सिलीने नवं माप लिहायचं, अशी त्यांची रीत होती.

पुढे त्यांच्या गावावर लढाई आली. बापलेक जीव मुठीत धरून सरहद्दीवर पोहोचले. तिथल्या शिपायांनी आसरा मागणाऱ्यांचे कोट आणि बूट काढून घेतले आणि सगळ्यांना गोठत्या नदीतून परत हाकललं. त्या थंडीत लेकीच्या हाताची दोन बोटं गेली. मी मात्र चौकीत खुंटीवर उबेत होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

एका शिपायाने मला स्वतःच्या मुलीसाठी घरी नेलं. दोन हिवाळ्यांनी बाही आखूड झाली, म्हणून त्याच्या बायकोने शिवण उसवली.

"अहो, यात कुणाच्या तरी लेकीची मापं आहेत. कोण ही?"

"बाजारातून आणलाय गं."

"माझ्याकडे बघून सांगा."

शिपायाची मान खाली गेली. त्याने सगळं सांगितलं.

"नोकरी गेली तर दुसरी बघू," ती म्हणाली. "हा कोट ज्याचा त्याला द्या."

शिंपीदादांनी तेव्हा अनेक देशांनी मिळून चालवलेल्या न्यायालयात दाद मागितली होती. "ही माणसं आमच्या सरहद्दीवर आलीच नव्हती," असं शिपायाच्या देशाचे वकील ठणकावून सांगत होते. शिपाई मला घेऊन तिथे साक्षीला उभा राहिला. न्यायाधीशबाईंनी मला झाकून ठेवलं आणि शिंपीदादांना मापं विचारली.

"चौदा, पंधरा, साडेपंधरा, सतरा," ते न अडखळता म्हणाले.

बाही उलटली. सुताचाही फरक नव्हता.

"न आलेल्या माणसाचा कोट तुमच्या चौकीत कसा आला?" बाईंनी विचारलं. त्या देशाने अन्याय केला, असा निकाल लागला आणि बापलेकीला आसरा मिळाला.

बाहेर शिपायाने हात जोडले. "पोरी, माफ कर मला."

"माफीचं नंतर बघू, काका. आम्हाला हाकलायचा हुकूम कुणी दिला, ते नाव आधी सांगा."

त्याने नाव सांगितलं. आता त्या साहेबावर खटला उभा राहतो आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. मला आणखी एकदा साक्षीला जायचं आहे.