सिग्गीचा बर्फ

आमच्या गावात कुणी बटाटा अर्धाकच्चा वाढला, तरी लोक म्हणतात, "सिग्गीचा बर्फ!" सिग्गीला जाऊन चाळीस वर्षं झाली. त्याचा मुलगा स्काप्टी मात्र आहे, आणि हे रोज ऐकतो.

झालं होतं असं. १९२४ साली विनिपेग शहराकडून येणारी रेल्वे तळ्याच्या पलीकडच्या काठाला आली आणि अख्ख्या गावानं बिऱ्हाड हलवलं. गोठलेल्या तळ्यावरून, ओंडक्यांवर घरंच्या घरं चढवून, घोडे जुंपून. बर्फ किती जाड आहे ते बघायचं काम सिग्गीकडे. चर्च आलं, शाळा आली, एकवीस घरं आली. बाविसावं, दुकानदार माग्नुसचं, मधोमध बुडालं. माणसं वाचली. दोर कापून घोडे सिग्गीनंच सोडवले, पण ते कुणी लक्षात ठेवलं नाही. "पक्का आहे म्हणाला होता," एवढंच राहिलं.

मी नगरपालिकेची कारकून. नगरपालिका म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि माझा तिरसट स्वभाव. यंदा गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं. नियम इकडच्या सगळ्या गावांचा तोच: प्रत्येक घराण्यानं आपलं पान आपण लिहायचं, आणि त्यातला काना-मात्राही कुणी बदलायचा नाही, अगदी नगराध्यक्षानंसुद्धा.

स्काप्टीचं पान काही येईना. तीस हिवाळे हा माणूस तळ्यावर भोकं पाडून बर्फ मोजतोय, फांद्या रोवून गाड्यांना रस्ता आखून देतोय. आजवर एक चाकसुद्धा आत गेलेलं नाही.

"शुक्रवार शेवटचा," मी त्याला बजावलं.

"माग्नुसच्या घरचं पान छापणार ना? मग माझं कशाला? बापाला इतकी वर्षं तोंडी बुडवलंत, आता छापून बुडवा. नातवंडं वाचतील."

"मग तुझी बाजू तू लिही की!"

"काय लिहू? बर्फ पक्का होता? घर तळाशी आहे, बाई. कोण ऐकेल?"

मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं.

शुक्रवारी रुना आली. माग्नुसची मुलगी, सत्तरीला टेकलेली, जिभेला धार. घर बुडाल्यापासून बर्फावरच्या रस्त्यानं ती कधीच गेली नव्हती. आईची कबर जुन्या काठावर, तिथंसुद्धा तळ्याला वळसा घालून, दोन तास मोडून जायची. तिनं आलुबुखाराचा थरांचा केक टेबलावर ठेवला. स्काप्टी शेगडीपाशी कॉफी पीत होता. त्याला पाहून ती जरा थबकली, मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"मोठ्यानं वाच, पोरी."

मी वाचू लागले. "सिग्गीनं बजावलं होतं, घर रिकामं करून मगच हलवा. माझ्या वडिलांना दुसरी खेप करायची नव्हती. पहाटे त्यांनी मासे खारवायच्या मिठाची साठ पोती आणि खिळ्यांची पिंपं आत भरली आणि दारं लावून घेतली. मी सात वर्षांची होते. कंदील मी धरला होता. कुणाला सांगू नकोस म्हणाले, म्हणून मी सांगितलं नाही. सिग्गीचा बर्फ पक्का होता."

मी चष्मा पुसायला घेतला.

"बासष्ट वर्षं, रुना," स्काप्टी म्हणाला. "माझा बाप याच शेगडीपाशी मान खाली घालून बसायचा."

"मी बघायचे ना. रोज बघायचे." ती म्हणाली. "वडील होते रे माझे."

"आणि तो माझा होता."

स्काप्टीनं टोपी घातली आणि दाराकडे निघाला. मला वाटलं, संपलं, आता हा तिचं तोंड बघायचा नाही. पण दाराशी तो थांबला.

"आईच्या कबरीवर कधी जायचंय तुला?"

"रविवारी."

"आज चल. गाडी बाहेरच आहे."

"बर्फावरून?"

"अठ्ठावीस इंच आहे. सकाळीच मोजलाय."

रुना उठली. कोटाची बटणं तिला लावता येईनात, ती मी लावून दिली. स्काप्टी तिच्या हातातल्या फुगलेल्या पर्सकडे बघत होता.

"त्यात मीठबीठ नाही ना?"

रुनानं पर्स उघडली आणि माझ्या टेबलावर पालथी केली. किल्ल्या, रुमाल, गोळ्यांची डबी, सगळं केकभोवती पसरलं.

"रिकामी आहे," ती म्हणाली. "चल."