दुकानात चालू, रस्त्यावर बंद

चिमाजीची नवी सुमो सलग तिसऱ्या दिवशी द्वारका चौकातल्या कार-ऑडिओच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली, तशी भाग्यश्री हातातलं काम टाकून बाहेर आली. नवरा समर्थ माल आणायला मुंबईला गेला असताना तिनं एकटीनं केलेलं पहिलं काम म्हणजे या गाडीतला अॅम्प्लिफायर.

चिमाजी मखमलाबादचा, झेंडू-शेवंतीवाला. उद्या घटस्थापना. आईला आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन तो सप्तशृंगी गडावर निघणार होता, आणि वाटभर देवीची गाणी घुमली पाहिजेत, असा त्याच्या आईचा, नवसाबाईंचा हट्ट होता. अॅम्प्लिफायर मात्र गाडी रस्त्याला लागली की वीसेक मिनिटं गायचा आणि मुका व्हायचा. दुकानात आणावा, तर तासभर खणखणीत.

"ताई, हे तुम्हाला भितं आन् मला जुमानत नाय," चिमाजी म्हणाला. आवाज हसरा होता, पण पुढचं त्यानं स्पष्टच सांगितलं. आज जमलं नाही तर यंत्र काढून ठेवा, आणि गल्लीतल्या बाकीच्या गाड्याही मग दुसरीकडे जातील. बाईच्या हातचं काम म्हणून नाव होईल ते वेगळंच.

भाग्यश्रीनं मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं आणि बॉनेट उघडलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, मगच बाकी कशाला हात लावला. बॅटरीजवळचा फ्यूज शाबूत होता. पत्र्यातून तार जाते तिथलं रबर जागच्या जागी. अर्थिंगसाठी रंग खरवडून स्क्रू आवळला होता, तोही घट्ट. शेजारच्या गॅरेजवाल्यानं मोठा फ्यूज टाकायला सांगितलंय, असं चिमाजी सुचवून गेला.

"नको दादा," ती हळूच म्हणाली. "आपण मोठा टाकला, तर फ्यूजच्या जागी तारच जळेल. गाडीत आजी बसतात."

मग तिनं तार जोडली, दुकान शेजारणीवर सोपवलं आणि स्वतःच मागच्या सीटवर, मुलासोबत आलेल्या नवसाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. काय होतंय ते रस्त्यावरच बघायचं.

गाडी पंचवटीकडे वळली, गाणी सुरू झाली. नवसाबाईंनी पिशवी उघडली. आतून निघालं केशरी लोकरीचं, आरसे लावलेलं, कडेनं झालर सोडलेलं कव्हर. म्हातारीनं वाकून सीटखालच्या अॅम्प्लिफायरला ते अशा निगुतीनं घातलं, जशी बाळाला कुंची घालावी. चारी बाजू नीट दाबूनही घेतल्या.

"आजी, हे रोज घालता?"

"मग? नवी वस्तू, उघडी ठेवायची व्हय? घरी टीव्हीला हाय, मिक्सरला हाय. दुकानात तेलकट हात लागतात, म्हणून तेवढं काढून ठेवते."

भाग्यश्रीला हसू फुटलं, पण तिनं ते ओठांत धरलं. गाणं कधी तुटतं याची वाट बघत बसली. मखमलाबादच्या अलीकडे गाणं मधेच तुटलं आणि कव्हराखाली लाल दिवा लागला. लोकरीवरून हात फिरवला, तर चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखी धग.

"आजी, हा पेटीतला जीव गाताना तापतो. तापला की स्वतःला वाचवायला गप्प बसतो. त्याला वारा लागतो."

चिमाजीनं गाडी कडेला घेतली होती. आईकडे वळून बघत तो म्हणाला, "आये, म्हंजे तीन दिवस मी या पोरीला बोलतोय तुझ्यापायी."

नवसाबाई काही क्षण आरशांवरून बोट फिरवत राहिल्या. चार संध्याकाळी बसून विणलं होतं. मग त्यांनी स्वतःच ते उचललं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

यंत्र निवल्यावर गाडी दिंडोरी रस्त्याला लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चिमाजीचा एक डोळा घड्याळावर. पंचविसाव्या मिनिटाला तिघंही श्वास रोखून बसली होती. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, त्यातली संबळ छातीत वाजू लागली. पाऊण तास झाला तरी खंड नाही.

"बाई, जरा बारीक कर गं आता," नवसाबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या. "डोकं उठलं."

चिमाजी इतका हसला, की गाडी पुन्हा थांबवावी लागली. परतताना तो सांगत होता, गल्लीतल्या सहादूच्या टेम्पोतही एक बसवायचाय, दिवाळीच्या आत. नवसाबाईंनी भाग्यश्रीचा हात धरला.

"उद्या गडावर चल आमच्यासंगं."

"आता बंद नाही पडणार, आजी."

"नाय पडणार, ठावं हाय मला. तरी चल."