उजव्या वळणाचा उजेड

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत हेमांगीने दोन वर्षं एकाच रेणूच्या मागे घालवली होती. चपटा रेणू, कडेला शेपट्या. एकावर एक रचले की प्रत्येक जण जरासा वळून बसायचा आणि गोल जिना तयार व्हायचा. त्यातून निघणारा उजेडही उजवीकडे फिरत यायचा. मोबाइलच्या पडद्यावरची चकाकी घालवणारी फिल्म निम्मा उजेड गिळते. असा एकाच वळणाचा उजेड मात्र ती सोडून देते. बॅटरी वाचते. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सोमवारी उजेडाचं वळण मोजणाऱ्या यंत्राने उजवीकडे साठ टक्के दाखवले. तिचे साहेब सुबोध सर यांनी पेढे तर वाटलेच, वर एका बड्या कंपनीच्या पाहुण्यांना बुधवारचं आमंत्रणही धाडलं. पेटंटवर हेमांगीचं नाव पहिलं, हेही जाहीर केलं.

हेमांगीला मात्र चैन पडेना. तिची आई मालाडच्या बाजारात मासळी विकते, आणि गिऱ्हाईकाने मागायच्या आधी स्वतःच पापलेट उलटून दाखवते. अशा घरातली मुलगी एका बाजूवर कशी विसंबणार? तिने रेणूंचा थर दिलेली काचपट्टी उलटी करून यंत्रात ठेवली. स्क्रू कुठल्याही टोकाकडून बघा, आटे त्याच बाजूला वळतात. खरं वळण पट्टी उलटल्याने बदलता कामा नये. यंत्राने दाखवलं, डावीकडे बावन्न.

वाट लागली. काचेवर रेणू एका रेषेत ओढले गेले होते आणि त्यानेच यंत्र फसलं होतं. डावीकडचे बावन्न उणे धरून दोन्ही बाजूंची सरासरी काढली तर खरं वळण उरलं चार टक्के. ती स्टुलावर बसून रडली, मग तोंड धुऊन तिने आणखी दहा पट्ट्या तपासल्या. चारच. पण दर वेळी चार, आणि दर वेळी उजवीकडेच.

सुबोध सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पट्टी सुलटीच ठेवायला सांगितलं. पाहुणे थोडेच उलटून बघणार होते?

बुधवारी पाहुण्यांसमोर यंत्राने बिनबोभाट साठ दाखवलं. कोणी टाळ्या वाजवायच्या आत हेमांगीने पट्टी उचलली, उलटली आणि परत ठेवली. आकडा डावीकडे गेला. तो का गेला आणि खरे किती उरतात, हे तिने न अडखळता सांगितलं.

सरांनी तिला दाराबाहेर नेलं. पेटंटवरून तुझं नाव काढतो, असं ते दातओठ खात म्हणाले.

"साठावर तुमचं लावा ना, सर," हेमांगी म्हणाली. "चारावर माझंच राहणार."